रात्रभराचा दशावतार, जुना हार्डडिस्क रेकॉर्डर आणि केडेनलाइव्ह

आमच्या कुडाळ तालुक्यातल्या गावची जत्रा मार्गशीर्षात येते. पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास दशावतारी नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. हे नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये खंड न पडता चित्रित करावे आणि त्याची नीट संपादित केलेली प्रत नाटक मंडळाला द्यावी, एवढेच मी ठरवले होते. त्यासाठी सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे सहा महिने आणि अंदाजापेक्षा बरेच जास्त पैसे लागले. या वाटेने जाणाऱ्याला मराठीत वाचायला फारसे काही मिळत नाही, म्हणून घडले तसे लिहून ठेवत आहे.

माझ्याकडे एक साधा डीएसएलआर कॅमेरा होता. तो एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांपेक्षा जास्त व्हिडिओ घेत नाही. तीस मिनिटे किंवा त्याहून अधिक सलग चित्रण करणारे उपकरण युरोपात सीमाशुल्काच्या दृष्टीने व्हिडिओ कॅमेरा ठरत असे आणि त्यावर जास्त कर लागत असे, म्हणून अनेक उत्पादकांनी ही मर्यादा घातली होती. तिकडच्या जकातीचा भुर्दंड आमच्या जत्रेने का सोसावा, हा प्रश्न मला आजही पडतो. मोबाइलवर चित्रण करून पाहिले, पण दीड तासात तो तापून बंद पडला. नाटक चालते पाच ते सहा तास, आणि त्यात आधी लिहिलेली संहिता नसते; संवाद रंगमंचावरच सुचतात. सुटलेला प्रसंग पुन्हा तसाच मिळत नाही.

यावर उपाय म्हणून बाहेरून जोडायच्या रेकॉर्डरची माहिती मिळाली. कॅमेऱ्याच्या एचडीएमआय खाचेतून बाहेर पडणारे चित्र हे हाताच्या पंजाएवढे यंत्र थेट आपल्या आतल्या हार्डडिस्कवर लिहिते. कॅमेरा स्वतः काहीच साठवत नसल्यामुळे त्याची अर्ध्या तासाची मर्यादा येथे लागू होत नाही. नव्या यंत्रांच्या किमती मला झेपणाऱ्या नव्हत्या. २२ सप्टेंबरला, रविवारी, लग्नाचे चित्रण करण्याचा व्यवसाय बंद केलेल्या एका गृहस्थांकडून मी असा दहाएक वर्षे जुना रेकॉर्डर १४,००० रुपयांना घेतला. त्यासोबत लॅपटॉपमध्ये बसते तशी ५०० जीबीची एक डिस्क, एक अडॅप्टर आणि दोन जुन्या बॅटऱ्या मिळाल्या. डिस्कचे वय ठाऊक नसल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तेवढ्याच क्षमतेची, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी दुसरी डिस्क १,६०० रुपयांना आणली. एसएसडी लावून पाहिली, पण तो रेकॉर्डर ज्या एसएसडी ओळखतो त्या आता बाजारात नाहीत आणि जी बाजारात आहे ती त्याला ओळखता आली नाही. जुने यंत्र घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी नेमकी हीच गोष्ट विचारून घ्यावी.

पहिल्याच चाचणीत चित्रावर फोकसची चौकट, बॅटरीचे चिन्ह आणि शटरचे आकडे कायमचे उमटलेले दिसले. कॅमेऱ्याच्या यादीत शोधून एचडीएमआयवरची ही माहिती बंद केल्यावर स्वच्छ चित्र मिळू लागले. दुसऱ्या चाचणीत बरोबर तीस मिनिटांनी कॅमेरा झोपी गेला, कारण वीज वाचवण्यासाठी आपोआप बंद होण्याची सोय चालू होती. तिसऱ्या चाचणीत घरातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे कॅमेऱ्यात पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवल्यावर ते थांबले. या तीनही गोष्टी घरी कळल्या, हे माझे नशीब. जत्रेत कळल्या असत्या तर उपाय करायलाही वेळ मिळाला नसता.

कोणत्या प्रतीचे चित्र घ्यायचे, हा पुढचा प्रश्न होता. रेकॉर्डर प्रोरेस या स्वरूपात लिहितो आणि त्याच्या पायऱ्या असतात. पूर्ण एचडी आणि २५ फ्रेम धरल्या तर सर्वांत वरच्या एचक्यू पायरीला सेकंदाला १८४ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ८३ जीबी लागतात. मधल्या साध्या ४२२ पायरीला १२२ मेगाबिट, म्हणजे सुमारे ५५ जीबी. आणि एलटीला ८५ मेगाबिट, म्हणजे सुमारे ३८ जीबी. सहा तासांचा हिशेब केला तर एचक्यूला डिस्क काठोकाठ भरली असती. मी मधली पायरी घेतली. डिस्क काठोकाठ न भरण्याचे आणखी एक कारण आहे. फिरत्या डिस्कवर लिहिण्याचा वेग बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त असतो आणि आत येता येता तो जवळजवळ निम्मा होतो. नाटकाचा शेवट, म्हणजे युद्धाचा प्रसंग, डिस्कच्या सर्वांत सुस्त भागावर लिहिला जावा अशी कोणाची इच्छा असेल?

यंत्राची जुळवाजुळव चालू असतानाच परवानगीचे काम सुरू केले. ९ ऑक्टोबरला देवस्थानच्या स्थानिक समितीकडे अर्ज दिला. त्यात चित्रणाचा हेतू, सोबत येणाऱ्या माणसांची संख्या, लागणारी वीज आणि प्रत कोणाला देणार हे लिहिले होते. समितीने अर्ज गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीपुढे ठेवला, आणि बैठक व्हायला एकोणीस दिवस लागले. माझ्या मामेभावाने दोनदा जाऊन आठवण केली नसती तर आणखी लागले असते. अखेर चार अटींवर होकार मिळाला. पालखी चालू असताना सभामंडपात तिपाई उभी करायची नाही, वेगळे दिवे लावायचे नाहीत, माणसांच्या वाटेत वायर टाकायची नाही आणि एक प्रत देवस्थानाला द्यायची. देणगी म्हणून ५०१ रुपयांची पावती फाडली.

नाटक मंडळाची संमती हा वेगळा विषय होता. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील ३८ व्या कलमानुसार सादर करणाऱ्या कलाकाराला आपल्या प्रयोगावर पन्नास वर्षांचा हक्क असतो. जत्रा सार्वजनिक आहे म्हणून कोणीही चित्रण करून कुठेही टाकावे, असे नाही. मी १०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करायचा म्हणून गेलो, तेव्हा विक्रेत्याने सांगितले की ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात असे अनेक दस्त ५०० रुपयांवर गेले आहेत. मंडळाच्या मालकांना हे फोनवर सांगितले तर ते हसून म्हणाले, “त्या पाचशेंत पोरांका चाय-भजी होतली. साध्या कागदार लिवा.” त्याप्रमाणे साध्या कागदावर दोन पानी संमतीपत्र केले आणि त्यावर मालकांसह सर्व कलाकारांच्या आणि वादकांच्या सह्या घेतल्या. त्यांची अट एकच होती, पण ती त्यांनी दोनदा वाचून दाखवायला लावली: ट्रिकसीन सार्वजनिक करायचा नाही. ज्यांनी अलीकडचा दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की रंगमंचावर अचानक प्रकटणारा नाग किंवा धुरातून येणारा देव अशी दृश्ये ही मंडळे मोठ्या खटपटीने बसवतात, आणि एकाची युक्ती दुसऱ्याला कळू नये याची काळजी घेतात. पूर्ण प्रत फक्त मंडळाला आणि देवस्थानाला, आणि बाहेर दाखवायला वीस मिनिटांचा निवडक भाग, असे ठरले.

मालकांनीच सुचवले की आधी दुसऱ्या एका गावात तालीम करून बघा. १५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, त्यांचा प्रयोग शेजारच्या गावात होता. आदल्या रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने निघालो. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, ध्वनिक्षेपकाच्या खोक्यापासून सहा-सात फुटांवर, जागा मिळाली. जागा छान होती, दर्शन समोरून होते. गणपती, रिद्धी-सिद्धी आणि सरस्वती होईपर्यंत सर्व सुरळीत चालले. मग शंकासुराचा प्रवेश आला, मृदंग चढला, आणि रेकॉर्डरच्या पडद्यावर फ्रेम सुटल्याची सूचना झळकू लागली. आधी एक, मग चार, मग सलग. काही वेळाने त्याने लिहिणेच थांबवले. मी केबल बदलली, डिस्क बदलली, पुन्हा सुरू केले; मृदंग शांत असताना यंत्र चालायचे आणि मृदंग चढला की बंद पडायचे.

पहाटे चहा घेताना कारण उमगले. डिस्कच्या आत लिहिणारे डोके तबकडीच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ध्वनिक्षेपकातून निघणारे खालच्या पट्टीतले हादरे फळीवाटे आणि तिपाईवाटे यंत्रात शिरले की ते डोके आपल्या रेषेवरून ढळते, डिस्क पुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढ्या वेळात मागून येणाऱ्या फ्रेम तुंबतात. सेकंदाला पंधरा मेगाबाइट लिहिणे एरवी या डिस्कला काहीच नाही, पण दर थापेला डोके हलत असेल तर तेही जमत नाही. ज्याचे चित्रण करायचे तोच मृदंग चित्रण बंद पाडत होता. त्या रात्रीचे फारसे काही हाती लागले नाही, मात्र ही तालीम झाली नसती तर आमच्या गावची जत्रा अशीच वाया गेली असती.

उपाय अगदी घरगुती निघाला. जुन्या गादीतला चार इंच जाडीचा फोम कापून एका प्लास्टिकच्या टोपलीत बसवला, त्यावर रेकॉर्डर ठेवला, आणि टोपली तिपाईला न टेकता वेगळ्या खुर्चीवर ठेवली. फोमने यंत्राच्या बाजूच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत एवढे पाहिले, नाहीतर हादऱ्यातून सुटून उष्म्यात सापडायचे. कॅमेरा आणि टोपली दोन्ही ध्वनिक्षेपकापासून तीस फुटांवर, प्रेक्षकांच्या मागे नेले. कॅमेऱ्याची एचडीएमआय खाच फार नाजूक असते. केबलचा भार तिच्यावर येऊ नये म्हणून ती तिपाईला चिकटपट्टीने बांधली. घरी गाण्याच्या स्पीकरसमोर तीन तास चाचणी घेतली आणि एकही फ्रेम सुटली नाही.

त्याच तालमीत आवाजाचाही धडा मिळाला होता. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये नाटकापेक्षा जत्रेतली खाजे ही मिठाई घेणाऱ्यांचा आवाज जास्त येतो. म्हणून ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाच्या मिक्सरमधून एक तार घेऊन ती वेगळ्या ध्वनिमुद्रकाला जोडली होती, पण ती माइकच्या खाचेत लावल्यामुळे सगळा आवाज फाटला. मिक्सरमधून येणारा संकेत माइकपेक्षा कितीतरी जोरकस असतो, त्यामुळे ध्वनिमुद्रक लाइनवर ठेवणे आवश्यक आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. संध्याकाळी सात वाजता देवळात पोहोचलो. तिपाई मात्र अटीप्रमाणे पालखी देवळात परत आल्यावरच उभी केली. कॅमेऱ्याला खोटी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचा, तारेने बाहेरची वीज घेणारा तुकडा) लावून ती पॉवर बँकेला जोडली होती, आणि रेकॉर्डर देवळाच्या विजेवर अडॅप्टरने चालत होता. वीज गेलीच तर आधार म्हणून त्यात जुन्यांपैकी एक बॅटरीही बसवून ठेवली होती. तिच्यावर तीन कांड्या दिसत होत्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी पेटीवरच्या बुवांनी सूर धरला आणि मी बटण दाबले. आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, दीडच्या सुमारास संपला. त्या फटीत मी चित्रण थांबवून लगेच पुन्हा सुरू केले आणि मग आख्यान चालू झाले. टोपलीतला रेकॉर्डर मृदंगाला अजिबात बधला नाही. थंडी चांगली पडली होती आणि ती यंत्राला मानवत होती, मला मात्र नव्हती. तीन वाजता मामेभाऊ खुर्चीतच झोपला.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी रेकॉर्डरचा लाल दिवा विझला. कोणीतरी मोबाइल चार्ज करण्यासाठी आमच्या बोर्डवरचा प्लग काढला होता. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण बोर्ड उघड्यावर होता आणि त्यावर चिठ्ठी लावायचे मला सुचले नव्हते. बॅटरी होती, पण तिच्या तीन कांड्या नुसत्या दाखवायच्याच होत्या; भार येताच ती बसली. प्लग शोधून लावणे, यंत्र सुरू होणे, डिस्क ओळखणे आणि पुन्हा बटण दाबणे यात एक मिनिट चाळीस सेकंद गेले. ते अंतर मला नाटकातल्या कुठल्याही युद्धापेक्षा मोठे वाटले. पुढे पाच चाळीसला दहीहंडी फुटेपर्यंत मी त्या बोर्डवर पाय ठेवून बसलो.

खरा धक्का डोंबिवलीला घरी परतल्यावर बसला. माझ्या २०१७ च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. डिस्क रेकॉर्डरमधून काढून ४०० रुपयांच्या साटा-यूएसबी तारेने जोडली. रेकॉर्डर डिस्क एचएफएस प्लस या अॅपलच्या पद्धतीने फॉरमॅट करतो, आणि जर्नल (बदलांची नोंद ठेवण्याची सोय) चालू असलेली अशी डिस्क लिनक्स फक्त वाचण्यापुरती उघडतो. मूळ चित्रण चुकून पुसले जाण्याची भीती त्यामुळे आपोआप टळते. एकूण ३०० जीबी उतरवायला तासभर लागला. त्यासाठी २ टीबीची बाहेरची डिस्क ५,८०० रुपयांना घ्यावी लागली. पहिली आणि तिसरी फाइल लगेच चालली. दुसरी, म्हणजे ११८ जीबींची, दोन तासांहून मोठी, उघडेचना. एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा प्रोग्राम म्हणत होता की मूव्ह अॅटम सापडत नाही.

रेकॉर्डर बनवतो त्या एमओव्ही फाइलमध्ये चित्र आणि आवाज सलग लिहिले जातात, पण कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका चित्रण थांबवताना लिहिली जाते, आणि तिलाच मूव्ह अॅटम म्हणतात. वीज अचानक गेली तर माल सगळा गोदामात असतो, फक्त वही नसते. अनट्रंक नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम त्याच यंत्राची, त्याच मापाची एक धडधाकट फाइल नमुना म्हणून घेतो आणि तिच्या आधारे हरवलेली वही पुन्हा लिहितो. मी आधी तुटलेल्या फाइलची आणखी एक प्रत काढली, सर्व प्रयोग त्या प्रतीवरच केले, आणि पहिली फाइल नमुना म्हणून दिली. पहिल्या दिवशी जागा अपुरी पडून काम अर्ध्यावर थांबले, दुसऱ्या दिवशी रात्रभर चालले. १२ डिसेंबरच्या सकाळी चित्र परत मिळाले. आवाज मात्र तुकड्यातुकड्यांत आणि खरखरीत आला, पण ध्वनिमुद्रक स्वतःच्या बॅटरीवर स्वतंत्र चालू होता, त्यामुळे त्याची फिकीर नव्हती. दर प्रवेशानंतर चित्रण थांबवून पुन्हा सुरू केले असते तर धोका दोन तासांचा न राहता वीस मिनिटांचा झाला असता. दशावतारात अशा फटी भरपूर मिळतात.

संपादनासाठी केडेनलाइव्ह निवडले. ते मोफत आहे हे कारण होतेच, शिवाय प्रोरेस फाइल ते कोणत्याही रूपांतराशिवाय थेट घेते. तरीही ८ जीबी मेमरीच्या माझ्या लॅपटॉपवर चित्र अडखळत होते. त्यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी: प्रोग्राम मूळ फाइलची लहान, हलकी प्रत बनवतो, आपण तिच्यावर काम करतो, आणि अंतिम प्रत काढताना तो पुन्हा मूळ फाइल वापरतो. तीनही फाइलींच्या प्रॉक्सी व्हायला सात तास लागले. त्या रात्री लॅपटॉपच्या पंख्याखाली पाट ठेवून मी झोपलो.

चित्र थोडे मऊ, धुरकट का दिसते हे शोधण्यात पुढचे चार दिवस गेले. माझा कॅमेरा सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम काढतो, पण एचडीएमआयवर त्या पन्नास अर्ध्या भागांच्या वेष्टनात पाठवतो, आणि रेकॉर्डर त्यावर विणलेले (इंटरलेस्ड) चित्र असा शिक्का मारतो. केडेनलाइव्ह त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून चित्र उलगडायला जातो आणि बारीक तपशील घालवतो. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन स्कॅनिंग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेमचे, आहे असे सक्तीने सांगितल्यावर मुकुटावरचे आरसे लखलखीत दिसू लागले. एवढ्या एका खुणेसाठी मी सर्व चित्रांवर धार वाढवण्याचे परिणाम लावून बसलो होतो. ते सगळे काढून टाकले.

आवाज जुळवणे सोपे जाईल असे वाटले होते. ध्वनिमुद्रकाच्या फाइली दोन जीबींना तुटतात, म्हणजे माझ्या मापाला सुमारे दोन तासांनी, पण त्या एकमेकींना बिनफटीच्या लागतात. केडेनलाइव्हमध्ये एक आवाज आधार धरून दुसरा त्याच्याशी आपोआप जुळवण्याची सोय आहे आणि तिने सुरुवात अचूक जुळवली. पहाटेच्या प्रवेशात मात्र राजाचे ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. साडेपाच तासांत त्यांच्यात सुमारे एका सेकंदाचा फरक पडला होता, म्हणजे तासाला साडेचार फ्रेमच्या आसपास. संपूर्ण आवाजाचा वेग सूक्ष्म प्रमाणात बदलणे हा एक मार्ग असतो. मी दुसरा घेतला: दर वीस-पंचवीस मिनिटांनी संवादातल्या शांत जागी आवाज कापला आणि दोन फ्रेम इकडे सरकवला. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. हे करायला जानेवारीतले तीन शनिवार-रविवार लागले.

संवादांना मराठी उपशीर्षके द्यावीत असाही मोह झाला. केडेनलाइव्हमधून व्हिस्पर हे वाक्-ओळखीचे साधन वापरता येते आणि त्याला मराठी येते, मात्र मालवणीशी त्याचा परिचय नाही. शंकासुराच्या तोंडी त्याने “शंका सुरू” असे लिहिल्यावर मी तो नाद सोडला. फक्त पात्रांची नावे मुक्त या खुल्या परवान्याच्या टंकात दिली; जोडाक्षरे कुठेही तुटली नाहीत. चित्राच्या रंगांत फार ढवळाढवळ केली नाही. ट्यूबलाइटची हिरवट झाक थोडी कमी केली, बाकी जत्रा जशी दिसते तशीच दिसू दिली.

एक मिनिट चाळीस सेकंदांच्या फटीचे काय करायचे हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. तेवढा आवाज अखंड होता. पडदा काळा ठेवला तर बघणाऱ्याला टीव्ही बिघडल्यासारखे वाटले असते. संध्याकाळी सहज काढलेले दीपमाळेचे छायाचित्र त्या जागी ठेवले आणि ते अगदी सावकाश मोठे होत जाईल असे केले.

अंतिम प्रत २३ फेब्रुवारीला काढली. व्हिडिओ दाबून लहान करणारी एच-२६४ पद्धत, चित्राची प्रत ठरवणारा सीआरएफ आकडा २०, आणि माप मूळचेच. लॅपटॉपला अकरा तास लागले आणि फाइल १९ जीबींची झाली. मंडळाच्या मालकांच्या घरचा टीव्ही फक्त फॅट-३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह वाचतो आणि त्या पद्धतीत ४ जीबींपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून प्रवेशांच्या सांध्यांवर कापून सहा भाग केले. देवस्थानालाही तसाच एक पेनड्राइव्ह तयार केला. वीस मिनिटांच्या निवडक भागातून ट्रिकसीन गाळला आहे की नाही, हे मालकांनी व्हॉट्सअॅपवर स्वतः तपासून होकार कळवला.

खर्चाची बेरीज सांगतो. रेकॉर्डर, दोन प्रकारच्या डिस्क, तारा, खोटी बॅटरी, पेनड्राइव्ह, दोन फेऱ्यांचे भाडे आणि देणगी मिळून सुमारे ३०,००० रुपये झाले. यात कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक धरलेले नाहीत, आणि सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागला नाही. पुन्हा खरेदी करायची झाली तर रेकॉर्डरसाठी दोन नव्या बॅटऱ्या मी पहिल्या दिवशीच घेईन. त्या एका काटकसरीची किंमत मी पाच रात्री मोजली.

शिमग्याला गावी गेलो तेव्हा १५ मार्चला मालकांच्या पडवीत टीव्ही लावून सगळे बसले. राजाचे काम करणारे दादा स्वतःची चाल पाहून दोनदा म्हणाले की खांदा फार वाकतो. स्त्रीपार्टी कलाकाराने साडीचा काठ नीट दिसतो आहे याचे समाधान मानले. चौथा भाग लागला, दीपमाळ सावकाश मोठी होऊ लागली, आणि कोणाच्या काही लक्षात येणार नाही असे मला वाटले. पण मृदंगवाले काका पुढे सरकले. त्यांनी मान तिरकी करून तेवढे पूर्ण ऐकले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “बापूनू, आवाज येता माझो, पण हात खंय गेले?”